प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होतेच कशी?

हरिपूरकर
नमस्कार मंडळी. महिनाभर एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे. जन्मतःच तिच्या यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद होत्या. दोन महिन्यांची व्हायच्या आत एक शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही. १४ महिन्यांची असताना भावजयीच्या यकृताचा तुकडा काढून तिला बसवला. तेव्हापासून सकाळी आठला आणि रात्री आठला टॅक्रोलिमस, म्हणजे नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. घरात त्या वेळेला कुणी टीव्हीचा आवाजही मोठा ठेवत नाही, कारण औषध विसरलं तर काय होईल हे सगळ्यांना पाठ आहे.

पोरगी आधी कूट घातलेली आमटी, वांगं सगळं खायची. सहा महिन्यांपासून अंडं दिलं की अंगावर पित्त उठायचं, आम्ही 'उष्णता' म्हणून सोडून दिलं. गेल्या संकष्टीला आईने साबुदाण्याची खिचडी केली. पोरीने दोन घास खाल्ले आणि हातातला चमचा टाकून ओठ चोळायला लागली. दहा मिनिटांत वरचा ओठ सुजून नाकाला टेकला, पोटावर गांधी आल्या आणि कोरडा खोकला सुरू झाला. मिरजेला नेलं. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटांत श्वास मोकळा झाला.

तिथले डॉक्टर म्हणाले, "टॅक्रोलिमसवरच्या मुलांमध्ये अशा नवीन अ‍ॅलर्जी दिसतात." मी चक्रावलो. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीचा अतिरेक ना? मग ती दाबायच्या औषधावर असताना अ‍ॅलर्जी कमी व्हायला हवी. इथे उलटं कसं? जिथे प्रत्यारोपण झालं तिथून निघताना आम्हाला सूचनांची चार पानं दिली होती, त्यात याबद्दल एक ओळ नव्हती, याचं फार वाईट वाटतं. कुणाला माहिती किंवा अनुभव असेल तर सांगा.

कंदीपेढा
बापरे. पोरगी आता बरी आहे ना? बाकीचं सावकाश वाचते, आधी तेवढं सांगा.

हरिपूरकर
बरी आहे. काल अंगणात मांजरामागे पळत होती.

पोवईनाका
दादा, मला वाटतं औषधांमुळे तिची ताकदच कमी झालीय, म्हणून साधं अन्नही सोसत नाही. गुळवेलीचा काढा आणि हळद-दूध सुरू करा. सांगलीची हळद घरातच आहे तुमच्या. माझ्या आजीने आम्हा सगळ्या भावंडांची सर्दी काढ्यावरच घालवली.

पेशीवाली
पोवईनाका, तळमळ कळते, पण प्रत्यारोपण झालेल्या मुलीला गुळवेल अजिबात नको. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानूनच लोक घेतात, आणि इथे नेमकं तेच टाळायचं आहे. शिवाय कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आईने दिलेला तुकडा आहे तो.

आता मूळ प्रश्न. मी कराडची, टी पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) पीएचडी केली, सध्या पुण्यात असते. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. आत काय चालतं ते सांगते.

ऊसपट्ट्यातली माणसं आपण, म्हणून तसंच सांगते. ऊस तोडीला आलाय, टोळी कोयते घेऊन फडाच्या बांधावर बसलीय, पण कारखान्याची तोड-चिठ्ठी आल्याशिवाय कोयता चालत नाही. टी पेशीला तिच्या ओळखीचा परका तुकडा दिसला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं. त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं. ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, आणि मोकळं झालेलं एनफॅट केंद्रकात शिरतं. तिथून इंटरल्युकिन-२, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं निरोप्या प्रथिन, बनवायचा हुकूम निघतो आणि एका पेशीच्या हजारो होतात. चिठ्ठीवर सही करणारा तो कॅल्सिन्युरिन. टॅक्रोलिमस आणि त्याच्यासारखंच दुसरं औषध सायक्लोस्पोरिन, दोन्ही त्याचाच हात धरतात. म्हणून नवं यकृत टिकतं.

पण शेंगदाण्याने दहा मिनिटांत ओठ सुजणं हे टी पेशींचं त्या घटकेचं काम नाही. त्यांचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. टीएच-२ जातीच्या टी पेशी इंटरल्युकिन-४ सोडतात, त्या इशाऱ्यावर बी पेशी शेंगदाण्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं बनवतात, आणि ती आयजीई त्वचेतल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन आठवडेच्या आठवडे चिकटून बसते. शेंगदाणा आला की मास्ट पेशी फुटून सूज-खाज आणणारं हिस्टामीन बाहेर. ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडल्यावर तोड-चिठ्ठी अडवून काय उपयोग?

विश्रामबाग
तोड-चिठ्ठीचं उदाहरण वाचून आमच्या चिटबॉयचा चेहराच डोळ्यांसमोर आला. पण ताई, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. जुनी अ‍ॅलर्जी का टिकते ते कळलं. या पोरीला तर *नवीन* झाली. नवीन अ‍ॅलर्जीला टी पेशी लागतात असं तुम्हीच म्हणालात, आणि त्यांचा तर हात धरलाय.

पेशीवाली
विश्रामबाग, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. टाळत नव्हते, जेवून आले.

टी पेशींमध्ये एक जात शमवणाऱ्यांची असते, ट्रेग म्हणतात. गावात दोन भाऊबंद बांधावरून भांडायला लागले की मध्ये पडून "अरे, आपलंच आहे ते" म्हणणारी जाणती माणसं असतात ना, तशा. शेंगदाणा, दूध, अंडं आपल्याला पचतं ते नुसत्या जठराच्या जोरावर नव्हे. लहानपणी ट्रेग पेशींनी "हे अन्न आहे, शत्रू नाही" असं बाकीच्यांना पटवलेलं असतं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींच्या शोधाबद्दल जपानच्या शिमॉन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं.

आता अडचण बघा. ट्रेग पेशींना जगायला इंटरल्युकिन-२ लागतं आणि त्या स्वतः ते जवळजवळ बनवतच नाहीत. दुसऱ्या टी पेशींच्या चुलीवर शिजलेलं खातात. टॅक्रोलिमस ती चूलच विझवतो. म्हणजे भांडणारे दमतात, पण भांडण मिटवणारे उपाशी पडतात. त्यात औषधाची मात्रा अशी असते की भांडणाऱ्यांचा आवाज पूर्ण बंद होत नाही, आणि जो उरतो तो टीएच-२ कडे झुकू शकतो. शिवाय टॅक्रोलिमसने आतड्याचं अस्तर थोडं सैल होतं, अन्नाची न पचलेली प्रथिनं आत शिरतात. लहान मूल, ज्याच्या ट्रेग पेशींची शिकवणीच अजून चालू आहे, त्याला हे सगळं एकदम सोसावं लागतं. म्हणून अशा नवीन अ‍ॅलर्जी मोठ्यांपेक्षा लहानांत, मूत्रपिंडापेक्षा यकृताच्या प्रत्यारोपणात, आणि सायक्लोस्पोरिनपेक्षा टॅक्रोलिमसवर जास्त दिसतात.

वाईकरीण
अ‍ॅलर्जी आईच्या यकृतातून आली असं असू शकतं का? आईला आहे का काही?

हरिपूरकर
भावजय तासगावची. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी हेच तिचं जेवण. काही नाही तिला.

पेशीवाली
मग इथे ते कारण नाही. पण वाईकरीण, शंका रास्त आहे, असं घडलेलं आहे. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने मृत्यू आलेल्या एका दात्याचं यकृत आणि मूत्रपिंड ज्याला बसवलं, त्याला पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली. फ्रान्समधली नोंद आहे, १९९७ ची. यकृतासोबत दात्याच्या काही पांढऱ्या पेशीही येतात.

तासगावचा_बेदाणा
मला हे सगळं पटत नाही. म्हणजे ताई चुकीचं सांगतात असं नाही, पण माझा अनुभव पूर्ण उलटा आहे.

माझ्या वडिलांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी. द्राक्षबागेच्या कडेने हे गवत कंबरेएवढं वाढायचं. आधी पापण्या सुजायच्या, मग मान, मग कोपरांच्या खोबणी. चार-पाच वर्षांत मानेची कातडी इतकी जाड झाली की घडी पडून त्यात चिरा दिसायच्या. रात्रभर खाजवत बसायचे. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. आई रोज धुवायची, डाग जायचे नाहीत. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं. तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच ना? तीन महिन्यांत मान मऊ झाली. मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे यांची अ‍ॅलर्जी वाढायला हवी होती.

पेशीवाली
तुमच्या वडिलांचा अनुभव माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू आहे. गाजरगवताची कातडीची अ‍ॅलर्जी आयजीईची नसते, थेट टी पेशींचीच असते. गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य धुळीबरोबर कातडीवर बसतं, त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, आणि त्याला ओळखणाऱ्या टी पेशी एक-दोन दिवसांनी तिथे गर्दी करतात. म्हणून ती लगेच न उठता उशिरा उठते आणि महिनोन्महिने चालते. अ‍ॅझाथायोप्रिन पेशींना दुप्पट व्हायला लागणारा डीएनएचा कच्चा माल तोडतं. जिथे गुन्हेगार टी पेशीच आहेत तिथे टी पेशींचं औषध लागू पडणारच. गाजरगवताच्या त्रासावर भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅझाथायोप्रिन खूप वापरलंय, काही जण तर आठवड्यातून एकदाच मोठी मात्रा देतात.

एक काळजी घ्या. वडिलांचं रक्त नियमित तपासता ना? आपल्याकडे काही लोकांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकात फरक असतो, त्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम खाली येतात.

तासगावचा_बेदाणा
तपासतो. सुरुवातीला दर पंधरवड्याला, आता तीन महिन्यांनी. आता पटलं. एकाच शब्दात आपण दोन वेगळे आजार बसवतो, तिथे घोळ होतो. वडील 'अंगावर उठतंय' म्हणायचे आणि पोरीच्या अंगावरही 'उठलं'.

अजिंक्यतारा_पायथा
यावरून चाचणीचं विचारतो. मी दम्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतोय. साताऱ्यात एकाने सांगितलं, स्टिरॉइड चालू असताना अ‍ॅलर्जीची चाचणी करायचीच नाही.

वाईकरीण
मी चाचण्या करणाऱ्या दवाखान्यात काम केलंय, थोडं सांगते. सुई टोचून पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात ती चाचणी आयजीईची. तिच्यात थोड्या दिवसांच्या स्टिरॉइड गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, पण सर्दीची सेट्रिझिनसारखी गोळी घेतली असेल तर चाचणी फसते. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात ती टी पेशींची. ती स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दबते, असूनही नाही असं दिसू शकतं. कुठली करायची आहे ते विचारा. आणि स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका.

अजिंक्यतारा_पायथा
आभार. अजून एक. स्टिरॉइडने माझा दमा पुरता आवरत नाही. दम्यात टी पेशी असतातच, मग टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन मला का देत नाहीत?

पेशीवाली
करून पाहिलंय. १९९२ साली लंडनच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडवर अवलंबून असलेल्या तीव्र दम्याच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं. श्वास सुधारला, झटके कमी झाले. पण मूत्रपिंडावरचा ताण आणि रक्तदाब यांची किंमत फार, म्हणून ते दम्याचं रोजचं औषध झालं नाही. नंतर एक फार बोलकी गोष्ट दिसली. ज्या अ‍ॅलर्जीने दमा उठतो ती आणणारी गोष्ट हुंगवली की पहिला झटका काही मिनिटांत येतो, आणि काही तासांनी दुसरा. सायक्लोस्पोरिनने दुसरा झटका कमी झाला, पहिला तसाच राहिला. पहिला मास्ट पेशींचा, दुसऱ्यात टी पेशींचा हात. हरिपूरकरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

प्रयोगशाळेत आम्ही हेच बशीत बघायचो. धुळीतल्या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांवर त्या किड्यांचा अर्क घालायचा आणि सहा-सात दिवस ३७ अंशांवर ठेवायचं. औषध नसलेल्या खाचेत टी पेशींचे पुंजके नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. सायक्लोस्पोरिन घातलेल्या खाचेत पेशी सुट्या सुट्या, वाळूसारख्या. स्टिरॉइडच्या खाचेत इंटरल्युकिन-५ आणि १३ हे दमा भडकवणारे निरोपे उतरतात. पण इंटरल्युकिन-२ आणि ४ एकत्र घातलं की त्याच पेशी स्टिरॉइडला दाद देईनाशा होतात. तुमचा दमा स्टिरॉइडला का जुमानत नाही याचं एक कारण हे असू शकतं. आता तीव्र दम्याला इंटरल्युकिन-५ किंवा ४-१३ चा मार्ग अडवणारी इंजेक्शनं निघालीत. महाग आहेत, पण तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा.

कंदीपेढा
थोडं अवांतर. ही औषधं मातीतून आली असं ऐकलं होतं, खरं आहे का?

पेशीवाली
खरं आहे, आणि मला फार आवडणारा विषय. सायक्लोस्पोरिनची बुरशी १९६९ साली नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरून स्वित्झर्लंडला नेलेल्या मातीत सापडली. टॅक्रोलिमसचे जिवाणू जपानच्या त्सुकुबाच्या मातीतले, १९८४ चे. प्रतिकारशक्ती दाबणारं तिसरं औषध सिरोलिमस, त्याची माती १९६४ साली प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावरून आणली, म्हणून ते रापामायसिन. आणि ते ज्यांनी वेगळं केलं, जिवापाड जपलं, ते सुरेंद्रनाथ सेहगल आपले भारतीय. कंपनीने काम बंद केल्यावर त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजमध्ये ठेवले होते.

कंदीपेढा
आता कासच्या पठारावर गेले की फुलांइतकंच पायाखालच्या मातीकडेही बघेन.

पोवईनाका
पेशीवाली ताई, काढ्याचं मी मागे घेतो. पण एक साधी गोष्ट: ज्या औषधाने अ‍ॅलर्जी झाली ते बंद किंवा निम्मं केलं तर?

दुसरा_जन्म_२०१४
पोवईनाका, मी कधी धाग्यांवर लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

२०१४ साली माझ्या बहिणीने मला मूत्रपिंड दिलं. तीन वर्षं सगळं उत्तम. मग हात थरथरायचे, केस गळायचे, म्हणून मी कुणाला न विचारता एक वेळची गोळी सोडायला लागलो. फक्त रात्रीची. दोन महिने काही झालं नाही, उलट बरं वाटलं. मग एका सकाळी पायाला सूज आली, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) १.२ चं ४ च्या वर. आठ दिवस शिरेतून स्टिरॉइड. मूत्रपिंड वाचलं, पण पूर्वीसारखं राहिलं नाही. बहीण एक शब्द बोलली नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसून माझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघत होती. ते अजून विसरता येत नाही.

हरिपूरकर, अ‍ॅलर्जी झाली तरी गोळी चुकवू नका. काय बदलायचं ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनाच बदलू द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट देऊ नका, त्याने रक्तातली पातळी चढते. टीबीसाठी रिफाम्पिसिन द्यायची वेळ आली तर उलट पातळी कोसळते, तेव्हा प्रत्येक नव्या डॉक्टरला टॅक्रोलिमसचं आधी सांगा.

पोवईनाका
दादा, वाचून गप्प झालो. चूक झाली माझी.

विश्रामबाग
हरिपूरकर, एक घरगुती गोष्ट. तेल कुठलं वापरता? आपल्याकडे हल्ली सगळ्यांनी लाकडी घाण्याचं शेंगतेल सुरू केलंय. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात उरतं. माझ्या भाच्याला असंच झालं होतं. घरातून कूट गेलं, शेंगदाणे गेले, तरी पोराच्या अंगावर उठायचंच. शेवटी तेलाचा डबा सापडला.

हरिपूरकर
डबा आत्ता उचलून बघितला. घाण्याचंच आहे. कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फार फार आभार.

वाईकरीण
कुटाऐवजी सुकं खोबरं भाजून वापरा. तीळ घालायच्या आधी मात्र विचारा, तिळाचीही अ‍ॅलर्जी असते. डाळ्याचंही विचारूनच, शेंगदाण्याच्याच कुळातलं आहे. भरल्या वांग्यात खोबरं आणि भाजलेला कांदा झकास लागतो, मी करते.

हरिपूरकर
(तीन आठवड्यांनी)
कळवायचं राहिलं होतं. पोरीला घेऊन पुण्याला जाऊन आलो. रक्तात शेंगदाणा आणि अंडं दोन्हींचं आयजीई वाढलेलं निघालं, दूध सुदैवाने ठीक. टॅक्रोलिमसची पातळी गरजेपेक्षा थोडी वर होती, ती मात्रा डॉक्टरांनी स्वतः कमी केली. मी ट्रेग पेशींचं विचारलं तर ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. पुढे यकृत स्थिर राहिलं तर सिरोलिमसचा विचार करता येईल म्हणाले, ते ट्रेग पेशींना एवढं उपाशी ठेवत नाही, पण घाई नको. काही मुलांची अ‍ॅलर्जी औषध बदलल्यावर किंवा वय वाढल्यावर कमी होते, हेही सांगितलं. अ‍ॅड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज दिली, मात्रा चिठ्ठीवर लिहून दिली. मी, भाऊ, भावजय तिघांनी मोसंब्यावर टोचायचा सराव केला. बालवाडीच्या बाईंनीही येऊन शिकून घेतलं.

आईचं सांगायलाच हवं. ती पहिले आठ दिवस म्हणत होती, "एवढ्याशा कुटानं काय हुतंय? आमी काय शेंगा खाऊनच वाढलो न्हवं?" मी या धाग्यातलं तोड-चिठ्ठीचं आणि गव्हाणीचं तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर माळ्यावरचा जुना दगडी खल खाली काढलेला, गरम पाण्याने तीनदा धुऊन उन्हात पालथा घातलेला. त्याच्या दांड्याला तिने पोरीच्या जुन्या झबल्याची लाल नाडी बांधलीय. "ह्यात निस्तं खोबरं," म्हणाली, "कुणी शेंगा घातल्या तर हात मोडीन."

कंदीपेढा
आजींना माझा नमस्कार सांगा.

पेशीवाली
माझाही. आणि सिरोलिमसबद्दल पुढे काही ठरलं तर इथे नक्की लिहा, मी वाट बघते.